डोक्यावरचे हात

चित्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं. चुकलेल्या पोरीला वर्गात उभं करतात ना, तसं. हॉलमधली बाकीची चित्रं आपापल्या खिळ्यांवर सरळ लटकत होती. वर कागदी पताका, समोर पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि माझ्या खिळ्याखाली, जमिनीवर, चित्राची नुसती पाठ. मैद्याच्या पोत्याचं कापड, सुतारकामाच्या शेडमधून मागून आणलेली चौकट, आणि तिच्यावर माझ्याच हाताने खडूने लिहिलेलं नाव: आफिया बिरागो, तिसरं वर्ष, चित्रकला. मला हसू आलं. राग येण्याच्या आधी मला हसू येतं. आजीला ते ठाऊक होतं. मी हसायला लागले की ती शेजारणींना ओरडून सांगायची, "भांडी उचला गं, पोरगी हसतेय."

लमिसी खिडकीच्या कठड्यावर बसून साखर घातलेलं गारी खात होती. आमच्या वसतिगृहात भुकेवर तेवढंच औषध, कसाव्याचा भाजका रवा पाण्यात भिजवायचा आणि पोटाला फसवायचं. "तुझी आई येऊन गेली," ती म्हणाली. "अत्तर एवढं, की माझ्या चित्राला शिंक आली."

"काय म्हणाली?"

"मला? काही नाही. आधी लांबून बघितलं. मग जवळ गेली. मग चित्र खिळ्यावरून काढलं, झोपलेलं पोर उचलतात तसं हळू, आणि फिरवून खाली ठेवलं. मग मी बिरागोची आई म्हणून मुख्याध्यापिका मॅडमच्या खोलीचा रस्ता विचारला."

"आणि तू सांगितलास."

"एवढे मोठे झुमके घातलेल्या बाईला मी काय नाही म्हणणार? पण बिरागो, तुला आई आहे हे तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस का कधी?"

"आई आहे का, असं कोण कुणाला विचारतं गं? डोकं आहे का तुला?"

डोकं होतं, आणि त्याच्यावरूनच तर सगळं चाललं होतं. ओडुरो सरांनी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या चित्राला विषय दिला होता, 'मी'. नुसतं एवढंच, मी. आमच्या शाळेत विज्ञानवाल्या मुलींना डॉक्टरीणबाई म्हणतात, वाणिज्यवाल्यांना मॅनेजरबाई म्हणतात आणि आम्हा चित्रकलावाल्यांना 'उरलेल्या' म्हणतात. आमचा वर्ग भटारखान्याच्या मागे, जिथे माशांच्या डोक्यांचा वास आणि धूर भिंतीच्या जाळीतून आत येतो. अशा उरलेल्यांना कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं की तू कोण, आणि उत्तर रंगात दे म्हणून सांगितलं. मग काय, पोरी सुटल्याच. एकीने स्वतःला राणी केलं, एकीने ज्या नर्सिंगला तिला प्रवेश मिळाला नव्हता तिथलाच गणवेश स्वतःला चढवला. लमिसी उत्तरेकडची. तिच्या गालावर तान्हेपणी पाडलेला लांब व्रण आहे, आणि पहिल्या वर्षापासून इथल्या, कुमासी शहरातल्या पोरी त्यावरून तिला "मांजरीने ओरबाडलं का?" म्हणून विचारत आल्या. तिने चेहरा लहान आणि व्रण मोठा काढला, आणि तो सोनेरी रंगवला. आता त्याच पोरी त्या चित्रासमोर उभ्या राहून गप्प बसतात. मला त्यांना गप्प बसलेलं बघायला फार आवडतं.

मी स्वतःला कमरेपर्यंत काढलं. शाळेच्या नियमाने भादरलेलं डोकं, अंगाभोवती आजीचं गडद लाल कापड, तोंड मिटलेलं, आणि दोन्ही हात डोक्यावर. कोपरं चौकटीच्या दोन्ही कडांना टेकलेली. एवढंच. कुमासीबाहेरच्या कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, मुलगी दमलीय, किंवा ऊन लागतंय. आमच्याकडे कोणीही असं म्हणणार नाही. मी अगदी लहान होते, आजी रस्त्याच्या कडेला कढईत केळ्याचे तिखट तुकडे तळत बसायची, मी शेजारी उभी. काही काम नाही, म्हणून हात सहज डोक्यावर गेले. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका अनोळखी बाईने माझ्या मनगटावर फाडकन चापट मारली. "खाली घे! आई मेली का तुझी?" आमच्याकडे हे कोणी शिकवत नाही, चापट मारूनच अंगात उतरवतात. डोक्यावर पाण्याची बादली घ्या, लाकडाची मोळी घ्या, सुरणांची टोपली घ्या, शिलाई मशीन घ्या, सगळं चालतं. स्वतःचे रिकामे हात तेवढे घ्यायचे नाहीत. ते फक्त ज्याची आई गेली त्याने घ्यायचे. दुसऱ्या कोणी घेतले तर तो आईला मरण बोलावतो.

पण तेव्हा माझी आई गेलेलीच होती. नुकतीच, विमानाने. विमानतळावर जायच्या गाडीत बसताना तिने माझ्या हातात एक बिस्किटाचा पुडा दिला होता आणि मी तो संपायच्या आत ती येईल असा माझा हिशेब होता. म्हणून त्या बाईची चापट मला अन्यायाची वाटली. गेली ना आई, मग घेऊ दे की हात डोक्यावर. मी आजीला तसं म्हटलंसुद्धा. आजीने कढईतला झारा तसाच वर धरला, तेल टपटप गळत राहिलं, आणि म्हणाली, "जाणं आणि जाणं एक नसतं, पोरी." त्यातला एक थेंब माझ्या डाव्या मनगटावर पडला. तो डाग अजून आहे, वाटाण्याएवढा, कडेने काळा आणि मध्ये गुलाबी. चित्रात मी तो सगळ्यात आधी काढला. बाकीचा हात नंतर त्याच्याभोवती आला.

आई इटलीतून फोन करायची. मला आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून ती मला आईच म्हणायची. आमच्याकडे तशीच रीत आहे. स्वतःच्या आईचं नाव पोरीला दिलं की त्या पोरीला नावाने कशी हाक मारणार? "आई, जेवलीस का? आई, अभ्यास कर. आई, बूट आले का?" बूट यायचे. नेहमी गेल्या वर्षीच्या पायाचे यायचे. तिच्या डोक्यात मी एक वर्ष मागेच वाढत होते. फोनच्या काचेत तिचा चेहरा दिसायचा, मागे एक पांढरी भिंत, कधी भिंतीवर दुसऱ्या कोणाचा तरी कोट. मी फोनवर बोलायचे, "हो आई, नाही आई," आणि आजी पलीकडून खुणा करायची, हसून बोल, हसून बोल, ती एकटी आहे. मी काय एकटी नव्हते? नव्हते. हीच तर गोष्ट आहे. मी एकटी नव्हते, कारण मला आजी होती.

मग, मी या शाळेत यायच्या आधीच, आजी गेली. तिला शवागारात ठेवलं, कारण आई येणार होती, तिचे कागद होत आले होते. महिन्यांमागून महिने आजी त्या थंडीत पडून राहिली, जिला हारमॅटनच्या कोरड्या गार वाऱ्यातसुद्धा दोन कापडं लागायची. कागद काही झाले नाहीत. निघाली तर परत जाता येणार नाही, म्हणून आईने स्वतःऐवजी बाकी सगळं पाठवलं. तंबू पाठवले, खुर्च्या पाठवल्या, पितळी बँड पाठवला, वरून घिरट्या घालत फोटो काढणारं यंत्र पाठवलं. असा अंत्यविधी आमच्या वस्तीने बघितला नव्हता. लोक अजून सांगतात. मला काय आठवतं सांगू? माझे दंड. मामा आला, आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "दोन्ही हातांनी धर. असा वर. तुझी आई बघतेय." मी धरला. सकाळपासून धरला. शवपेटी आली, बायका लाल-काळ्या कापडांत हेलकावत आल्या, सगळे आजीकडे बघत होते आणि मी काचेकडे बघत होते, कारण काचेतली आई सारखी सांगत होती, "आई, हलवू नकोस. मला दिसत नाही. आई, हलवू नकोस गं." माझे दोन्ही हात आईने भरलेले होते. पेटी खड्ड्यात उतरवताना फोनचं चित्र गोठलं. आईचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज बंद झाला. त्या क्षणी माझे हात आपोआप वर गेले, फोनसकट, डोक्यावर. मामाने लगेच फटका मारून ते खाली पाडले. "वेडी झालीस? तुझी आई जिवंत आहे!" फोन दगडावर आपटला. काच फुटली ती फुटलीच, आणि नंतर सगळ्यांना दुःख काचेचं झालं.

त्यानंतर मी रडले नाही असं नाही. पण रडणं काय, कोपऱ्यात बसून कोणीही करतं. हात राहिले. ते मी गणवेशाच्या खिशात घालून शाळेत आणले आणि मैद्याच्या पोत्यावर ठेवले. पोत्याला घराच्या भिंतीचा पांढरा रंग लावला तरी गिरणीच्या नावाची निळी अक्षरं खालून फिकट दिसत राहतात, माझ्या कपाळावरून ती गेलीत. सर म्हणाले, राहू देत, बरी दिसतात.

सर धावतच आले. ओडुरो सर वाईट नाहीत. ते फक्त मोठ्या बायकांना घाबरतात, आणि त्या दिवशी दोन होत्या. "बिरागो, वर्गात चल. चित्र घेऊन चल. हात खाली घ्यायचेत."

"माझे की चित्रातले?"

"तोंड आवर. मॅडम म्हणतात, असं लावू देणार नाही. पाहुणे जेवण झाल्यावर येणार, त्यांच्याबरोबर परीक्षक. तेवढ्यात हात मांडीवर आण. लाल कापडाने निम्मे झाकले तरी चालतील. नाहीतर चित्र कोठीत जाईल, आणि रिकाम्या खिळ्याला परीक्षक काय देतो, माहीत आहे तुला. शून्य देतो. मग बस आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत."

"सर, तुम्हीच म्हणाला होतात, हात सगळ्यात चांगले झालेत."

"म्हणालो होतो."

"तुम्ही इथलेच आहात. तुम्हाला दिसत नव्हतं, हात कुठे आहेत?"

सरांनी चित्र उचललं होतं, ते त्यांनी छातीशी धरलं. त्याच्या मागून नुसतं त्यांचं डोकं दिसत होतं. "पोरी, मला वाटलं, तुला आई नाही," ते म्हणाले. "तीन वर्षांत भेटीच्या रविवारी तुझ्याकडे कोणी आलं नाही. फॉर्मवर मामाची सही. मला वाटलं, बरं झालं, मोकळी होतेय बिचारी. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं."

हे ते वर्गाच्या दारात बोलले, आणि वर्गात आई बसली होती.

आमच्या बुटक्या लाकडी बाकावर, गुडघे जवळ घेऊन, पांढऱ्या लेसच्या कपड्यात. आनंदाच्या दिवसाचं कापड. पोरीचं प्रदर्शन म्हणून नेसून आलेली. तिचे कागद अखेर झाले होते. आठवडाभर ती कुमासीत होती, आणि आठवडाभर मी परीक्षेचं काम आहे म्हणून शाळेतून हलले नव्हते. ती विमानाने गेल्यापासूनची ही आमची पहिली भेट. तिने सरांचं ऐकलं होतं. तिच्या तोंडावरून ते दिसत होतं. सर चित्र फळ्याला टेकवून पाणी आणायच्या निमित्ताने पळाले.

"बरी झालीस उंच," आई म्हणाली.

मी फळ्याला टेकलेलं चित्र सरळ केलं.

"आई, बोल काहीतरी."

"मला बिरागो म्हण."

तिने मान हलवली, जणू एखाद्या बिलावर सही करत होती. मग तिचा आवाज चढला. मला बरं वाटलं. भांडणाची मला सवय आहे, मायेची नाही. "एवढी वर्षं मी लोकांच्या चादरी धुतल्या, ते काय मला मारायला? सगळ्या शाळेसमोर टांगलंस मला! लोक काय म्हणतील? मेलेल्या बाईचे बूट घालून फिरत होतीस का? मेलेल्या बाईने फी भरली का तुझी? इतका राग होता तर फोनवर शिव्या घालायच्यास. घे ते हात खाली. आत्ता घे, माझ्यासमोर."

"ते तुझ्यासाठी नाहीत."

"काय?"

"हात. तुझ्यासाठी नाहीत ते. तुझ्या आईसाठी आहेत."

मी हे तिला समजावायला बोलले नाही. खोटं कशाला सांगू, लागावं म्हणूनच बोलले, आणि लागलं. पण मला वाटलं होतं तिथे लागलं नाही. मला वाटलं होतं, तिला थोडं हायसं वाटेल, मग लाज वाटेल. तिचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. ती बाकावरून उठली, चित्राजवळ गेली, लांब झाली, पुन्हा जवळ गेली. "म्हणजे माझ्यासाठी नाहीतच," ती म्हणाली. "माझ्यावर रागसुद्धा नाही." मेलेली म्हणून का होईना, ती त्या चित्रात होती असं तिला सकाळपासून वाटत होतं, आणि मी तिला तिथूनही बाहेर काढलं होतं. मला जिंकल्यासारखं झालं, आणि ते नकोसं वाटलं. बाहेर भटारखान्यात कोणीतरी जेवणाच्या फुफूसाठी उकडलेला कसावा उखळीत कांडत होतं, धप धप.

मॅडम डॅडझी आल्या त्या दारातच थांबल्या. रंगाचे डाग त्यांना चालत नाहीत. मागे पाण्याचा तांब्या घेऊन सर. "झालं का?" मॅडम म्हणाल्या. "मी समुद्राकडची आहे, ही इथली रीत माझी नाही, तरी सांगते, असलं अपशकुनी चित्र मी भिंतीवर सहन करणार नाही. जिवंत आई समोर उभी आहे आणि पोरगी..."

"मॅडम, ती पोरगी नाही," आई म्हणाली. "ती मी आहे."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"माझी आई गेली तेव्हा मला येता आलं नाही. पोरीने मला रंगवलंय. चेहरा बघा की. कपाळ बघा. मीच आहे."

मॅडमनी चित्र बघितलं, आई बघितली, पुन्हा चित्र बघितलं. कपाळ तेच, दातांतली फट मिटलेल्या तोंडामागे झाकलेली, डोळ्यांची ठेवण तीच. "आणि डोकं? भादरलेलं कसं?"

"आमच्यात आई गेल्यावर डोकं भादरतात ना, मॅडम."

"मग असं सांगायचं ना, पोरी!" मॅडमच्या तोंडावर एकदम सूर्य उगवला. "किती छान! आईचं दुःख लेकीने जाणलं. पाहुण्यांना मी स्वतः सांगते. ओडुरो, खालचं नाव बदला. 'मी' काय, 'माझी आई' लिहा." सरांनी लगेच खिशातून कार्ड काढलं, लिहिलं आणि टेबलावर ठेवलं. सगळे सुटले. आईसुद्धा सुटली, तिने कपाळावरचा घाम टिपला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली, मला बक्षीस दिल्यासारखी. अंत्यविधी तिने असाच घेतला होता, लांबून, सगळ्याची सोय करून. आता हात घेतले. मला माझ्याच चित्रातून हाकललं आणि वर परीक्षेत पासही केलं. ओरडले असते तर चित्र कोठीत गेलं असतं. मी ओरडले नाही. मला हसू आलं.

"सर, डाग आहे," मी म्हणाले.

"कसला डाग?"

"मनगटावर. माझा आहे तो. तिला नाही. कोणीही ओळखेल."

सरांनी डोळे बारीक केले. "तेवढंच ना? एक फटकारा मार तपकिरी, झालं. दोन मिनिटांचं काम."

"नाही. हात काढायचे तर नीट काढते. पोरीचे हात बाईला कसे चालतील? परीक्षक काय आंधळा आहे? तिला उभं राहायला सांगा."

मॅडमना हे फारच आवडलं. समोर माणूस उभं करून चित्र काढतात, हे त्यांना कुठल्यातरी कॅलेंडरमुळे माहीत होतं. त्या सरांना घेऊन पाहुण्यांच्या जेवणाकडे गेल्या. मी चित्र तिवईवर चढवलं, डब्यात रंग पिळला. 'माझी आई' लिहिलेलं कार्ड टेबलावर होतं, त्याच्यावर मी पाण्याचा डबा ठेवला.

"खिडकीजवळ उभी राहा," मी म्हणाले. "हात वर घे."

आई खिडकीजवळ गेली. हात छातीपर्यंत आले आणि थांबले.

"काय झालं? चित्रातली तू आहेस ना? घे की डोक्यावर. तुला तर हक्क आहे. तुझी आई गेलीय."

"बिरागो, मला येत नाही," ती म्हणाली. "मी कधी घेतले नाहीत."

"तेव्हासुद्धा नाही?"

"तेव्हा मी कामावर होते. कपडे धुवायच्या यंत्रांत. फोन बंद पडला, मी पुन्हा लावला, लागला नाही. मग चादरींची पुढची गाडी आली." तिने हातांकडे बघितलं. "आणि तिथे नाही घेत डोक्यावर हात. तिथे पोलीस समोर आले की घेतात. माझ्याकडे कागद नव्हते. स्वप्नातसुद्धा मी हात खाली ठेवून झोपायचे."

मी तिचे हात बघितले. तिच्याबद्दल मला सगळं माहीत आहे असं मला वाटायचं, तिचा दात कुठे किडलाय तेसुद्धा माहीत होतं, दर आठवड्याला काचेतून बघितलेला चेहरा. पण फोनवर हात दिसत नाहीत. हातातच तर फोन असतो. ते हात तिच्या चेहऱ्यापेक्षा खूप म्हातारे होते. कसल्याशा पांढऱ्या करणाऱ्या औषधाने बोटांवर फिके चट्टे पडलेले, पेरांवर चिरा, दोन नखं नव्हतीच, त्यांच्या जागी जाड कातडी. लेसच्या बाह्यांमधून ते बाहेर आले होते, आणि त्या बाह्या त्यांच्या वाटत नव्हत्या. मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला. हे आठवड्याच्या फोनवर कधी दाखवलं का नाही? आजी विचारून विचारून मेली, पोरगी कशी आहे, दमते का, आणि ही काचेत हसत राहिली, भिंतीसमोर, हात खाली ठेवून.

"घे वर," मी म्हणाले.

तिने घेतले. आधी बोटांची टोकं केसांना लागली, विकतच्या लांब वेण्यांना, मग तळवे टेकले. कोपरं बाहेर गेली. खिडकीतल्या उजेडात बाहेरची धूळ तरंगत होती आणि तिच्या मध्ये ती उभी होती, आमच्या रस्त्यावर कोणाचीही आई गेल्यावर बायका उभ्या राहतात अगदी तशी. शिकायला काहीच लागलं नाही. मी ब्रश उचलला. माझ्या हातांवरून तिचे हात काढायला लागले, पेरं जाड केली, नखं पुसली, चट्ट्यांसाठी पांढऱ्यात थोडा पिवळा मिसळला. मनगटाशी आले तेव्हा थांबले. डागाच्या कडेपर्यंत रंग नेला आणि डाग तसाच ठेवला. परीक्षकाला काय वाटायचं ते वाटो.

काही वेळाने चित्र बिघडायला लागलं. मला कळेना, कोपर कापडावर एक आणि समोर दुसरंच. वर बघितलं. ती हलत होती. आधी खांदे, मग पोट, मग सगळीच. आवाज नव्हता. फोन गोठला होता तसं तोंड उघडं. मग आवाज आला, इतका खालून आणि इतका कोरडा की मला आजीचाच वाटला. हात मात्र तिने खाली घेतले नाहीत. मी तिच्याजवळ जायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या हातात ब्रश होता, दुसऱ्या हातात डबा. दोन्ही हात भरलेले होते.

भटारखान्यातली बाई, मोठं पातेलं डोक्यावर घेऊन दारावरून चालली होती. आत बघून ती थबकली. "अगं बाई! हात खाली घ्या, ताई, हात खाली घ्या! कोण गेलं?"

"माझी आई," आई म्हणाली.

"अरेरे, देवा! कधी?"

आईच्या हनुवटीवरून पाणी लेसवर पडत होतं. तिने बाईकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली, मी उत्तर देईन म्हणून. बाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागली.

मी ब्रश रंगात बुडवला.

"आई, हलू नकोस," मी म्हणाले. "मला दिसत नाही."